मोटरबोटीने लांबचा किनारी प्रवास: हवामान आणि भरती-ओहोटी बघून आखणी कशी करायची

इंजिनाच्या बोटीला शिडासारखी वाऱ्याची वाट बघावी लागत नाही, म्हणून नवखी माणसं सोपा हिशोब करतात. दोनशे सागरी मैल, वीस नॉटचा (तासाला वीस सागरी मैलांचा) वेग, म्हणजे दहा तास; दोन दिवसांत आरामात पोचू. हा हिशोब बहुधा पहिल्याच दुपारी मोडतो. वाटेत तीन-चार अडणीच्या जागा असतात. तिथून ठराविक पाण्यात आणि ठराविक वाऱ्यातच सुखरूप जाता येतं, आणि सगळ्या प्रवासाचं वेळापत्रक त्याच जागा ठरवतात. म्हणून आखणी घरापासून सुरू करू नका. ती अडणीपासून सुरू करा आणि तिथून मागे-पुढे नेत जा.

पायरी १: आधी अडणी शोधा

पूर्ण मार्गाचा सागरी नकाशा उघडा आणि शक्य असेल तर कागदावरचा मोठा नकाशाही जवळ घ्या. मोबाइलच्या पडद्यावर एका वेळी थोडाच किनारा दिसतो आणि आखणीत तेच गोत्यात आणतं. मार्ग आखण्याआधी या जागांना खुणा करा: समुद्रात पुढे घुसलेली भूशिरं, अरुंद सामुद्रधुन्या, मुखाशी वाळूची पट्टी असलेल्या खाड्या आणि नद्या, ओहोटीला कोरडी पडणारी बंदरं, आणि कमी उंचीचे पूल. पुलाचं बहुतेकांच्या लक्षात येत नाही. भरतीला पुलाखालची मोकळी उंची तेवढीच कमी होते.

भूशिराला वळसा घालताना प्रवाह दाबला जातो आणि वेग घेतो. टोकापाशी तळ उथळ किंवा खडकाळ असला की पाणी अक्षरशः उकळल्यासारखं दिसतं. तिथे दोन पर्याय असतात: टोकापासून काही मैल बाहेरून जायचं किंवा प्रवाह थांबतो त्या थोड्या वेळात जायचं. कोणता पर्याय घ्यायचा ते आत्ताच लिहून ठेवा.

मग आसऱ्याची बंदरं शोधा. साधारण दर पंधरा-वीस मैलांना एक सापडलं तर उत्तम. पण प्रत्येकाला एक प्रश्न विचारा: ज्या वाऱ्यामुळे मला इथे पळून यावं लागेल, त्याच वाऱ्यात मला इथे आत शिरता येईल का? पश्चिमेच्या वाऱ्यापासून पळताना पश्चिमेला तोंड असलेली, वाळूच्या पट्टीची खाडी काही कामाची नाही. कोणत्याही पाण्याला आणि कोणत्याही वाऱ्यात शिरता येईल अशी बंदरं फार थोडी असतात. ती वेगळ्या रंगाने दाखवा. प्रवासाचे टप्पे त्यांच्याच आधाराने पडतात.

पायरी २: पाण्याचं गणित

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. दोन भरत्यांमधलं अंतर सरासरी १२ तास २५ मिनिटं असतं, म्हणून भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. सगळीकडे असं नसतं. मेक्सिकोच्या आखाताच्या बऱ्याच भागात दिवसात एकच भरती येते, भूमध्य समुद्रात पाणी जेमतेम हलतं, इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला एका भरतीची दोन टोकं दिसतात, आणि कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात पाणी १६ मीटरपर्यंत चढतं-उतरतं. तुमच्या किनाऱ्याचा स्वभाव स्थानिक तक्त्यांतूनच कळतो.

अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत उधाण येतं: भरती उंच, ओहोटी खोल, प्रवाह जोरात. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी कमी हलतं आणि बऱ्याच ठिकाणी प्रवाहही उधाणाच्या निम्म्यावर येतो. पहिल्याच लांबच्या प्रवासाला अवघड सामुद्रधुनी असेल तर भांगाचा आठवडा निवडा. पण उथळ बंदरात शिरण्यासाठी उंच पाणी हवं असेल तर उधाण सोयीचं पडतं. दोन्ही अडणी एकाच मार्गावर असल्या तर तडजोड करावी लागते, आणि मी तरी अशा वेळी प्रवाहाला जास्त महत्त्व देईन. उथळ बंदराबाहेर नांगर टाकून थांबता येतं, सामुद्रधुनीच्या मध्यावर थांबता येत नाही.

आठवडा निवडताना आणखी एक गोष्ट उपयोगी पडते. एका ठिकाणी उधाणाची भरती वर्षभर घड्याळाच्या जवळपास त्याच वेळेला येते, कारण त्या दिवसांत चंद्र आणि सूर्य एका रेषेत असतात. एखाद्या बंदरात उधाणाला सकाळी सातला भरती असेल तर भांगाला ती दुपारी एकच्या आसपास असते. म्हणजे ‘मला त्या बंदरात दुपारी, उजेडात, भरतीला शिरायचं आहे’ एवढं ठरवलं की महिन्यातले योग्य दिवस जवळपास आपोआप समोर येतात.

आता उंचीचा हिशोब. नकाशावरची खोली चार्ट डेटमपासून मोजलेली असते, म्हणजे साधारण सर्वांत खोल ओहोटीच्या पातळीपासून. प्रत्यक्ष पाणी म्हणजे नकाशावरची खोली अधिक त्या वेळची भरतीची उंची. मधल्या वेळेसाठी बाराव्या हिश्श्याचा नियम वापरतात. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या वेळेचे सहा भाग केले तर पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ असे बारांश चढतं.

समजा ओहोटी ८:०० ला १.० मीटर आणि भरती १४:१२ ला ४.६ मीटर आहे. फरक ३.६ मीटर, म्हणजे एक बारांश ०.३ मीटर. एक भाग ६२ मिनिटांचा. ९:०२ ला पाणी १.३ मीटर, १०:०४ ला १.९ मीटर, ११:०६ ला २.८ मीटर. बंदराच्या मुखावर नकाशा ०.४ मीटर दाखवतो. बोटीचा ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखाली बुडणारा भाग, १.१ मीटर. लाटेच्या खोलगटीसाठी ०.४ आणि राखीव ०.७ धरले तर एकूण २.२ मीटर पाणी लागतं. म्हणजे भरती १.८ मीटर तरी हवी, आणि ती दहाच्या सुमारास मिळते. आता हवेचा दाब बघा. तक्ते सरासरी दाबासाठी बनवलेले असतात. दाब १०१३ हेक्टोपास्कलपेक्षा जेवढा वर, तेवढे सेंटिमीटर पाणी साधारण कमी भरतं. त्या दिवशी दाब १०३३ असेल तर २० सेंटिमीटर गेले, आणि आणखी दहा मिनिटं बाहेर थांबायला हवं. शिरायचं नेहमी चढत्या पाण्यात. तळ लागलाच तर अर्ध्या तासात पाणीच उचलून देतं. उतरत्या पाण्यात अडकलात तर पुढची भरती येईपर्यंत बोट कलंडून पडते. हा नियम अंदाजापुरता आहे, आणि भरतीची चढण असमान असेल अशा किनाऱ्यावर तो चालत नाही. तिथे त्या बंदराचा आलेखच वापरावा.

नवखे इथे सर्वांत जास्त चुकतात: उंची आणि प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंदरात भरती पूर्ण झाली म्हणजे बाहेरच्या सामुद्रधुनीतलं पाणी थांबलं, असं नाही. कित्येक ठिकाणी भरतीच्या क्षणी प्रवाह जोरात असतो आणि दोन-तीन तासांनी उलटतो. प्रवाहाची दिशा आणि वेग सांगणारे तक्ते वेगळे असतात आणि ते एखाद्या मोठ्या बंदराच्या भरतीपासून तास मोजून वाचायचे असतात. तक्ता कोणत्या प्रमाणवेळेत छापलाय तेही तपासा. उन्हाळ्यात जिथे घड्याळं पुढे करतात तिथे एक तासाची चूक सहज होते, आणि पाणी सर्वांत वेगाने चढतं त्या दोन तासांत ही चूक मीटरभराची असू शकते.

‘माझी बोट वीस नॉटने पळते, मला चार नॉटच्या प्रवाहाचं काय?’ वेळेपुरतं हे खरं आहे. दहा मैलांच्या सामुद्रधुनीत प्रवाहासोबत २५ मिनिटं लागतील, विरुद्ध ३७. आठ नॉटने चालणाऱ्या बोटीला हाच फरक ५० मिनिटं आणि अडीच तास असा पडतो. पण वेगवान बोटीला अडवतो तो प्रवाह आणि वारा यांचा झगडा. प्रवाहाविरुद्ध वारा वाहू लागला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. पंधरा नॉटच्या वाऱ्यात, प्रवाह सोबतीला असताना, जिथे बोट छान पळते, तिथेच प्रवाह उलटल्यावर तुम्हाला वेग सहा नॉटवर आणावा लागतो. मग वीस नॉटचा हिशोब उरतो कुठे? म्हणून प्रत्येक अडणीसमोर प्रवाहाच्या दिशेबरोबरच ‘कोणत्या दिशेचा वारा इथे नको’ हेही लिहा.

वाळूच्या पट्टीचं मुख ही याच झगड्याची वाईट आवृत्ती आहे. बाहेरून लांब लाट येतेय आणि आतून ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडतंय, अशा वेळी आत शिरू नये. लाटेच्या उंचीच्या साधारण १.३ पट खोली उरली की लाट फुटते. समुद्राकडून बघताना फुटणाऱ्या लाटेची फक्त पाठ दिसते, त्यामुळे मुख आहे त्यापेक्षा शांत वाटतं. भरतीच्या शेवटच्या तासात शिरा, आणि शंका आली तर पुढच्या बंदराकडे वळा.

पायरी ३: हवामान वाचणं

भरतीचा तक्ता वर्षभर आधी मिळतो, हवामान नाही. म्हणून पाण्यावरून योग्य आठवडा ठरवायचा आणि हवामानावरून त्यातले दिवस निवडायचे. सात-आठ दिवस आधी फक्त कल बघा: दाबाच्या प्रणाली कुठून कुठे सरकताहेत. तीन दिवस आधी खिडकी, म्हणजे चांगल्या हवेचा काळ, निवडा. आदल्या संध्याकाळी निर्णय घ्या आणि पहाटे तो पुन्हा तपासा. अमेरिकेचं जीएफएस आणि युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ ही हवामानाचा अंदाज काढणारी दोन संगणकी मॉडेलं एकच गोष्ट सांगत असतील तर भरवसा वाढतो. ती भांडत असतील तर वाईट सांगणारं खरं धरा. रंगीबेरंगी बाणांची अॅप्स थेट मॉडेलचे आकडे दाखवतात. भूशिराजवळ वारा कसा वळतो, दरीतून कसा सुटतो, हे त्यांना नीट दिसत नाही. अधिकृत सागरी अंदाज माणसाच्या नजरेखालून गेलेला असतो, तो वाचल्याशिवाय दोर सोडू नका.

अंदाजातला वारा सरासरी असतो. झोत त्यापेक्षा ४० टक्क्यांपर्यंत जोराचे येऊ शकतात, म्हणजे १५ म्हटलं की २१ ची तयारी ठेवायची. लाटेची दिलेली उंचीही सरासरीच: सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची. दोन-तीन तासांच्या प्रवासात एखादी लाट जवळपास दुप्पट भेटणं अपेक्षितच आहे.

उंचीपेक्षाही दोन लाटांमधला कालावधी महत्त्वाचा. दीड मीटरची लाट दर १० सेकंदांनी येत असेल तर खोल पाण्यात तिची लांबी सुमारे १५० मीटर असते. बोट संथपणे वर-खाली होते, बस. तीच दीड मीटर दर ४ सेकंदांनी आली तर लांबी फक्त २५ मीटर उरते आणि छोटी बोट प्रत्येक लाटेवर आपटते. अंदाजात कालावधीचा रकाना असतो, तो सोडू नका. उलटही लक्षात ठेवा: वारा शून्य असताना दूरच्या वादळाची लांब लाट येऊन उथळ मुखं बंद करू शकते.

उन्हाळी, निरभ्र दिवसांत किनाऱ्याला स्वतःचं वेळापत्रक असतं. रात्री आणि पहाटे जमिनीकडून मंद मतलई वारा, दुपारी समुद्राकडून खारा वारा. हा दुपारचा वारा मोठ्या नकाशावर दिसत नाही, तरी १५-२० नॉटपर्यंत सहज जातो. पहाटे निघा आणि दुपारी एकच्या आत दोर बांधा.

वाऱ्याच्या दिशेबद्दल मोटरबोटवाल्यांनी वेगळा विचार करावा. जमिनीकडून वाहणारा वारा किनाऱ्याजवळचं पाणी सपाट ठेवतो, पण इंजिन बंद पडलं तर बोट खोल समुद्राकडे जाते, आणि बाहेर जाल तशा लाटा वाढतात. समुद्राकडून वाहणारा वारा बंद बोटीला खडकांवर नेतो. अशा दिवशी किनाऱ्यापासून दोन-तीन मैल राखून चाला, म्हणजे नांगर टाकायला किंवा फिल्टर बदलायला वेळ मिळतो. नांगर पेटीत गुंडाळून ठेवण्याची वस्तू नाही. निघण्याआधी तो एका हाताने सोडता येईल असा लावलेला असावा.

धुक्याबद्दल थोडक्यात: दमट, उबदार हवा थंड पाण्यावर आली की समुद्री धुकं होतं आणि ते वारा असतानाही टिकतं. रडार नसेल आणि दृष्टी दोन मैलांखाली जाण्याचा अंदाज असेल तर थांबा.

पायरी ४: इंधन

प्रति तास लिटर हा आकडा फसवा आहे, प्रति मैल लिटर काढा. समजा बोट २० नॉटला तासाला ६० लिटर घेते, म्हणजे मैलाला ३ लिटर. लाटांमुळे १२ नॉटवर यावं लागलं, बोट ना धड पाण्यावर उचललेली ना धड पाण्यात बसलेली, तर तासाला ४८ लिटर, म्हणजे मैलाला ४. वेग कमी करूनही खर्च वाढला. याच बोटीला ७ नॉटवर आणलं तर तासाला १० लिटर, मैलाला दीड लिटरपेक्षा कमी. हे आकडे प्रत्येक बोटीचे वेगळे, म्हणून आपले आपण मोजावेत; तीन वेगांना, पूर्ण सामान आणि माणसं चढवून.

टाकी ४०० लिटरची असेल तर ३६० वापरता येतील असं धरा. त्यातले एक तृतीयांश राखीव. उरले २४०. आता टप्पा ३ लिटरने मोजला तर ८० मैल दिसतो, ४ लिटरने मोजला तर ६०. टप्पा साठचाच ठेवा. तळाशी बसलेला गाळ खवळलेल्या समुद्रात ढवळून फिल्टरमध्ये जातो, म्हणजे इंजिन नेमकं नको त्या वेळी गुदमरतं. किमान दोन सुटे फिल्टर, इंपेलर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचं चाक) आणि पट्टा सोबत असावेत, आणि ते बदलण्याचा सराव धक्क्यावर बांधलेल्या बोटीत झालेला असावा.

पायरी ५: दिवस मांडणं, आणि नाही म्हणण्याचे आकडे

आता कागदावर दर दिवसाला एक पान. वर अडणीची वेळ लिहा, उदाहरणार्थ ‘सामुद्रधुनी: पाणी थांबतं ९:४०’. त्यातून अंतराचा वेळ वजा करून निघण्याची वेळ काढा, आणि त्यात अर्ध्या तासाची ढील ठेवा. लवकर पोचलात तर बाहेर थांबता येतं, उशीर झाला तर काहीच करता येत नाही. पुढे मुक्कामाच्या बंदरात शिरण्याची वेळ जुळते का ते बघा. जुळत नसेल तर मधलं बंदर निवडा, वेग वाढवून जुळवू नका.

प्लेनिंग, म्हणजे वेगात पाण्यावर उचलल्या जाणाऱ्या, बोटीत दिवसाचे चार-पाच तास पुरे; आदळआपट माणसाला वाटतं त्याहून जास्त थकवते. आणि दर दोन-तीन चालीच्या दिवसांमागे एक मोकळा दिवस ठेवा. सहा दिवसांची चाल असेल तर आठ-नऊ दिवस हातात हवेत. परतीचं तिकीट, कामावर हजर होण्याची तारीख, ठरलेल्या बंदरात वाट बघणारे पाहुणे: खराब हवेत बाहेर काढणारी खरी कारणं हीच.

नाही म्हणण्याचे आकडे घरी, शांत डोक्याने लिहा. सात-आठ मीटरच्या बोटीतल्या नवख्यांसाठी मी असे सुचवेन: सरासरी वारा १५ नॉटच्या वर, आखूड लाट एक मीटरच्या वर, किंवा अडणीपाशी प्रवाहाविरुद्ध १० नॉटच्या वर वारा. यातलं एक जरी असलं तर त्या दिवशी निघायचं नाही. आकडे बोटीवर सगळ्यांना दिसतील असे चिकटवा, म्हणजे धक्क्यावर वाद होत नाही.

पानाची एक प्रत जमिनीवरच्या एका जबाबदार माणसाकडे द्या: मार्ग, माणसं किती, पोचण्याची वेळ, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर तटरक्षकांना कळवायचं. मोबाइलवर विसंबू नका. बोटीचा व्हीएचएफ रेडिओ चॅनेल १६ वर, म्हणजे संकटाच्या हाकेच्या चॅनेलवर, लावलेला असावा, आणि लांबच्या टप्प्यांना ४०६ मेगाहर्ट्झचा संकटसूचक बीकनही हवा.

पायरी ६: निघाल्यावर

दर तासाला स्थान, जीपीएसचा वेग, इंधन आणि दाब वहीत लिहा. इंजिनाच्या फेऱ्यांवरून अपेक्षित वेग आणि जीपीएसचा वेग यांतला फरक म्हणजे साधारण प्रवाह. तो तक्त्याशी जुळत नसेल तर तुमच्या वेळेचा हिशोब चुकलाय. दाब तीन तासांत ३.६ हेक्टोपास्कलपेक्षा जास्त उतरला तर तो वेगाने उतरतोय, आणि अंदाज काहीही म्हणत असला तरी जवळच्या आसऱ्याकडे वळा.

प्रत्येक टप्प्यावर परतीचा शेवटचा बिंदू नकाशावर आधीच असावा. तिथे पोचल्यावर एकच प्रश्न: पुढच्या अडणीला वेळेत आणि हव्या त्या वाऱ्यात पोचतोय का? उत्तर ‘बहुतेक’ असेल तर वळा. मागून येणाऱ्या लाटांत वेग अशा बेताने ठेवा की बोट पुढच्या लाटेच्या पाठीवर राहील. उतारावरून सुटली तर नाक पाण्यात घुसतं आणि बोट आडवी फिरते. अंधारात मासेमारीची जाळी आणि तरंगती लाकडं दिसत नाहीत, म्हणून सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी आत असा.

पायरी ७: पोचल्यावर

नांगराचा दोर भरतीच्या खोलीवरून मोजायचा, टाकतानाच्या खोलीवरून नाही. आता ३ मीटर पाणी आहे, भरतीला आणखी ३ चढेल, नाक पाण्यापासून १ मीटर वर, एकूण ७. पूर्ण साखळी असेल तर किमान चौपट, म्हणजे २८ मीटर; दोर आणि थोडी साखळी असेल तर सहा-सातपट. मग ओहोटीला पाणी उतरल्यावर तेवढ्याच साखळीवर बोट जास्त मोठं वर्तुळ घेते, त्या वर्तुळात खडक, उथळ जागा किंवा शेजारची बोट येत नाही ना, हे बघा. स्थिर धक्क्याला बांधताना पुढचे-मागचे दोर पाण्याच्या एकूण चढ-उताराच्या निदान तिप्पट लांब हवेत, नाहीतर ओहोटीला बोट दोरांवर लटकते. पहिल्या ओहोटीला उठून एकदा बघून या.

झोपण्याआधी टाकी भरा, फिल्टरच्या वाटीतलं पाणी काढा, तेल बघा आणि उद्याच्या पानावरच्या वेळा तक्त्यातून पुन्हा वाचा. आजच्या वेळेत पन्नास मिनिटं मिळवून काम भागवू नका. उधाणाच्या सुमारास हा फरक कमी असतो आणि भांगाला एक तासाच्याही वर जातो.